शेवटच्या स्टेशनाच्या पुढे

मुंबईच्या माणसाला कसारा म्हणजे लोकलचा शेवट. आम्हा कसारेकरांना मात्र ठाऊक असते की रूळ पुढे घाट चढून इगतपुरीला जातात. लोकल थांबते, रूळ थांबत नाहीत.

बऱ्याच वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, विश्व संपते त्याच्या पुढे काय असते?" मी म्हणालो, "परीक्षेला नाही ते. बस खाली." तो बसला. पुढे वर्षभर त्याने काहीच विचारले नाही. माझे ते उत्तर मला अजून टोचते, म्हणून हा लेखनप्रपंच.

गंमत अशी की आपल्याच सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या एका माणसापुढे हा प्रश्न साडेआठशे वर्षांपूर्वी आला होता. भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला.

त्या ग्रंथात आकाशाच्या परिघाचा आकडा येतो: १८७१२०६९२० कोटी योजने! हा कुणी मोजलेला नव्हता. सगळे ग्रह रोज सारखेच अंतर चालतात, सुमारे ११,८५९ योजने, असे तेव्हा मानत. त्याला ४३२ कोटी वर्षांच्या कल्पातील दिवसांनी गुणले की हा आकडा मिळतो. म्हणजे हिशोब ग्रहांच्या चालीचा, आणि नाव आकाशाच्या कडेचे.

भास्कराचार्य आधी इतरांची मते नोंदवतात. कुणी म्हणे हा ब्रह्मांडाच्या कवचाचा घेर. पुराणिक म्हणत, हा लोकालोक पर्वत. आणखी कुणी म्हणे, सूर्याचे किरण जिथवर अंधार दूर करतात तिथवरच्या आकाशाचा हा परीघ. मग ते आपले मत देतात: ब्रह्मांड तेवढे असेल किंवा नसेलही, एका कल्पात ग्रह एवढी योजने चालतो, इतकाच आम्ही त्याचा अर्थ घेतो.

मंडळी, हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. एवढा मोठा पंडित, पण हिशोबाने जेवढे हाती येते तेवढेच बोलला. त्यापुढची जागा त्याने रिकामी ठेवली, पण प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवले नाही. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. तसा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे आणि तो भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

आजचे उत्तर काय? विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. ते प्रसरण पावत असल्यामुळे आपल्याला दिसू शकणाऱ्या भागाची हद्द आज सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. पण ती प्रकाशाची हद्द, विश्वाची नव्हे. पलीकडचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचलेला नाही, इतकेच. तिथे कुणी असेल, तर त्याच्या हिशोबाने आपणच कडेला! विश्वाला कुठे काठ असल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. ते अनंत आहे की मर्यादित, हेही ठरलेले नाही.

आपल्या कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर तर विश्वाला आरंभ नाही, या बाजूचे. १९६४ साली त्यांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. १९६५ साली आकाशातून सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर मात्र पुढेही शंका काढत राहिले. २०२५ साली ते गेले. त्यांचे मत मागे पडले असेल, पण शंका काढणाऱ्याला खाली बसवू नये हे ते शिकवून गेले.

तो मुलगा आज पन्नाशीला आला असेल. भेटला तर सांगेन, "बाळ, पुढे काय आहे ते मला तेव्हा माहीत नव्हते, आजही नाही. पण रूळ पुढे जातात, एवढे सांगायला हवे होते."