माँटगोमेरीचा बस-बहिष्कार

(५ डिसेंबर १९५५ – २० डिसेंबर १९५६). अमेरिकेतील अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी येथे शहर बससेवेतील वर्णविभाजनाविरुद्ध कृष्णवर्णीय नागरिकांनी ३८१ दिवस चालवलेला लढा. अमेरिकी नागरी हक्क चळवळीला सामुदायिक रूप देणाऱ्या आरंभीच्या लढ्यांत त्याची गणना होते.

शहरातील बसमध्ये साधारण ३६ आसने असत. पुढची दहा गोऱ्यांसाठी राखीव होती. ती रिकामी असली तरी कृष्णवर्णीय उतारूला तिथे बसता येत नसे. मधल्या रांगांत कोणी बसायचे आणि कोणी उठायचे, हे चालक ठरवी आणि त्यासाठी त्याला पोलिसी अधिकार होते. पुष्कळदा कृष्णवर्णीयांना पुढच्या दाराने चढून भाडे द्यावे लागे, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढावे लागे. तेवढ्यात बस निघूनही जाई. सुमारे तीन-चतुर्थांश उतारू कृष्णवर्णीय होते. म्हणजे ज्यांच्या पैशांवर ही सेवा चालत होती, त्यांचाच तीत रोज अपमान होत होता.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. ‘दिवसभराच्या कामाने थकलेली शिवणकाम करणारी बाई’ हे त्यांचे रूढ चित्र अपुरे आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेचे चिटणीसपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिन या विद्यार्थिनीलाही असाच नकार दिल्याबद्दल पोलिसांनी पकडले होते. मात्र तिच्या अटकेवर आंदोलन उभारायचे नाही, असे तेव्हाच्या पुढाऱ्यांनी ठरवले. या मुलीच्या धैर्याची नोंद इतिहासाने फार उशिरा घेतली.

बहिष्काराची तयारी स्त्रियांनी आधीच करून ठेवली होती. महिला राजकीय परिषदेच्या अध्यक्ष, इंग्रजीच्या प्राध्यापक जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना पत्र लिहून बहिष्काराची शक्यता कळवली होती. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री त्यांनी महाविद्यालयातील चक्रमुद्रण यंत्रावर हजारो पत्रके काढली आणि सकाळी ती गावभर पोहोचवली. सोमवारी, ५ डिसेंबरला, बस जवळजवळ रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी माँटगोमेरी सुधारणा संघटना स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद २६ वर्षांचे धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) यांच्याकडे आले. पहिल्या मागण्या सौम्य होत्या: सौजन्याची वागणूक, आधी येईल त्याला आधी जागा आणि कृष्णवर्णीय वस्तीच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक. त्या आसनव्यवस्थेतही कृष्णवर्णीय मागून आणि गोरे पुढून बसणार होते. महापालिकेने एवढेही मान्य केले नाही.

लढा टिकला तो रोजच्या व्यवस्थेमुळे. सुमारे ३०० खासगी मोटारी, ठरलेले थांबे, चर्चच्या नावावर घेतलेल्या गाड्या अशी पर्यायी वाहतूकच उभी राहिली. स्थानिक विमा रद्द होऊ लागला, तेव्हा लंडनच्या लॉइड्समार्फत विमा मिळवला गेला. गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक-धुणी करणाऱ्या असंख्य बाया मैलोन्‌मैल पायी गेल्या. स्वयंपाकीण जॉर्जिया गिलमोर यांनी केक, पाय आणि जेवणाचे डबे विकून इंधनासाठी पैसा उभा केला. मदत करणाऱ्यांची नोकरी जाऊ नये म्हणून त्यांच्या गटाचे नावच ‘कुठलाच नसलेला क्लब’ असे ठेवले होते. भाषणांची कीर्ती झाली ती योग्यच. पण या बायांची चिकाटी नसती, तर हा बहिष्कार आठवडाभरही टिकला नसता.

दडपशाही झाली. ३० जानेवारी १९५६ रोजी किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. त्यांची पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी बचावल्या. तिथे जमलेल्या जमावाला किंग यांनी शस्त्रे न उचलण्याचे आवाहन केले. फेब्रुवारीत १९२१ च्या बहिष्कारविरोधी कायद्याखाली ८० हून अधिक जणांवर आरोप ठेवले गेले. बायर्ड रस्टिन यांच्यासारख्या सल्लागारांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा विचार येथे अधिक नेमका रुजवला. १९५९ मध्ये भारतात आले असता किंग मुंबईच्या मणिभवनात राहिले होते.

निर्णायक विजय न्यायालयात मिळाला. वकील फ्रेड ग्रे यांनी ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ हा दावा ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्व्हिन यांच्या वतीने चालवला. पार्क्स त्यात वादी नव्हत्या. ५ जून १९५६ रोजी संघीय न्यायालयाने बसमधील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. १३ नोव्हेंबरला पर्यायी वाहतूक बंद पाडण्याच्या महापालिकेच्या अर्जावर राज्य न्यायालयात सुनावणी चालू असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केल्याची वार्ता तिथे पोहोचली. २१ डिसेंबरपासून कृष्णवर्णीय उतारू हवे तिथे बसू लागले.

त्यानंतर बसवर गोळीबार झाले, एका गरोदर स्त्रीच्या पायांत गोळ्या लागल्या आणि जानेवारी १९५७ मध्ये चर्चवर बाँब पडले. पार्क्स यांना रोजगार मिळेना, धमक्या थांबेनात. त्याच वर्षी त्या डेट्रॉइटला स्थलांतरित झाल्या. शहरातील इतर विभाजन तसेच राहिले. उद्यानांतील वर्णविभाजनाविरुद्ध दावा दाखल होताच महापालिकेने १९५९ च्या आरंभी सर्व सार्वजनिक उद्याने बंद केली. ती १९६५ मध्ये पुन्हा उघडली.