किंग्ज इंडियन बचाव : अभिजात प्रकार

पांढऱ्याला पटाचा मध्य घेऊ द्यायचा आणि मग त्याच मध्यावर हल्ला करायचा, हे या बचावाचे सूत्र. मुख्य चाली अशा : १. डी४ घोएफ६ २. सी४ जी६ ३. घोसी३ उंजी७ ४. ई४ डी६ ५. घोएफ३ ०-० ६. उंई२ ई५ ७. ०-० घोसी६ ८. डी५ घोई७.

नावातले ‘इंडियन’ आपल्या देशी बुद्धिबळातून आले. महाराष्ट्रातही रूढ असलेल्या त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. त्यामुळे डाव सावकाश, झाकलेला मांडला जाई. १८५० च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रन या बॅरिस्टरासमोर बसणारे मोहेशचंद्र बॅनर्जी त्याच वळणाचे खेळाडू. मोफसलातल्या या ब्राह्मणाने जी६-डी६ ची मांडणी आंतरराष्ट्रीय नियमांच्या खेळातही वापरली. युरोपने ती मनापासून स्वीकारायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे घेतली.

आठव्या चालीनंतर मध्य बंद होतो आणि योजना प्याद्यांच्या साखळ्या सांगतात. काळ्याच्या साखळीचे मूळ डी६ वर, म्हणून पांढरा सी५ चा रेटा लावतो, सी रांग उघडतो आणि सी७ घरातून आत शिरू पाहतो. पांढऱ्याचे मूळ ई४ वर, म्हणून काळा घोडा हलवून एफ५ करतो. पांढऱ्याने एफ३ ने आधार दिला, की एफ४, मग जी५, एच५, जी४ अशी प्याद्यांची लाट राजावर जाते. पांढरा बहुधा आधी पोहोचतो, पण त्याच्या हाती लागते ते प्यादे. काळ्याला उशीर झाला तरी त्याचे लक्ष्य राजा असतो. शर्यतीतला हा फरक ज्याला उमगला, त्याला पुढच्या निम्म्या चाली पाठ कराव्या लागत नाहीत.

काळ्याची बचावाची हालचालही सुंदर आहे : हत्ती एफ७ वर, उंट एफ८ वर, मग हत्ती जी७ वर. एकाच फेरीत डी६ राखले जाते आणि हल्ल्याला बळ मिळते. सी८ वरचा उंट जागचा हलत नाही म्हणून नवखे त्याची अदलाबदल करून टाकतात. ही मोठीच चूक. एच३ वर बळी देऊन राजाचे कवच फोडायचे ते यानेच. त्याला गाठण्यासाठी पांढरा कधी घोड्याने ए७ चे प्यादे खातो, प्यादे निमित्तमात्र.

१९५३ साली मार देल प्लाता येथे ग्लिगोरिचने नायडॉर्फला याच मार्गाने हरवले, आणि या शाखेला त्या शहराचे नाव मिळाले. पुढे फिशर आणि कास्पारोव यांनी हा बचाव गाजवला. १९९० च्या दशकात क्रामनिकने कास्पारोवविरुद्ध ९. बी४ खेळून सी५ चा रेटा लवकर आणला. ‘बायोनेट’ म्हणजे संगीन हे त्या चालीचे नाव. काळ्याचे ठरलेले उत्तर घोएच५, तेथून एफ४ च्या घराकडे.