वैद्यविद्येची गांवशाळा



यवतमाळ जिल्ह्यांतील मारेगांवासारख्या तालुक्याच्या गांवीं एखाद्या हुशार मुलीच्या मनांत वैद्यविद्या शिकण्याची इच्छा उत्पन्न झाली, तर पूर्वीं तिच्यापुढें पहिला प्रश्न बुद्धीचा नसे, अंतराचा असे. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें. नागपूरचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९४७ सालीं, सेवाग्रामचें १९६९ सालीं, आणि खुद्द यवतमाळचें १९८९ सालीं सुरू झालें. मुंबईहून यवतमाळास पोहोंचावयास या विद्येला १४४ वर्षें लागलीं!

परंतु महाविद्यालय जिल्ह्याच्या ठिकाणीं आलें, म्हणून तें कोलामांच्या पोडावर आलें असें होत नाहीं. रात्रीं तान्ह्या मुलास धाप लागली, तर त्या घटकेस जवळ जें माणूस असेल, त्यालाच कांहीं येत असलें पाहिजे. या साध्या गोष्टीचा विचार विदर्भाच्याच पूर्व टोकाला, गडचिरोलीस, नेटानें झाला.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हें दांपत्य नागपुरास वैद्यक व अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्यशास्त्र शिकून १९८६ सालीं तेथें गेलें. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनें खेड्यांतच शिकवणी मांडली. मुलांचा मोठा काळ म्हणजे न्यूमोनिया. विदर्भांतील लोक त्याला ‘डब्बा’ म्हणतात. तो ओळखण्यास मिनिटास किती श्वास चालतात तें मोजावें लागतें. पण ज्या सुइणींस दहाच्या पुढें मोजतां येत नव्हतें, त्यांनीं काय करावें? त्यांच्यासाठीं एक श्वासमापक तयार झाला. त्यांत एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ व कांहीं मणी. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं लाल मण्याची पाळी आली, कीं औषध सुरू करावयाचें. विद्यार्थिनीस अक्षर येत नाहीं, हा दोष शिकविणाऱ्यानें आपल्या अंगावर घेतला, हेंच यांतील मर्म होय.

पुढें थोडें शिकलेल्या गांवच्याच स्त्रियांस नवजात बालकाची निगा शिकविण्यांत आली. वजन घेणें, ऊब देणें, जंतुदोष ओळखणें, प्रसंगीं सुई टोंचणें, हा त्यांचा अभ्यासक्रम. १९९५ सालापासून ३९ गांवांत हें काम चाललें. तिसऱ्या वर्षीं, तुलनेसाठीं निवडलेल्या गांवांच्या मानानें, नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. २०११ सालीं भारत सरकारनें घरोघरीं नवजात बालकांची निगा ‘आशा’ सेविकांकडे सोंपविली.

यावरून महाविद्यालयें नकोत असा अर्थ कोणीं काढूं नये. सुइणीस शिकविणारे डॉक्टर महाविद्यालयांतच घडले होते, आणि कठीण रोग्यास रुग्णालय लागतेंच. मात्र आपल्या घरांतील मुलगी डॉक्टर होऊन आली, म्हणजे तिला एक प्रश्न अवश्य विचारावा: तूं जें शिकलीस, त्यांतलें किती दुसरीला शिकवूं शकशील? मारेगांवच्या आईला त्या उत्तराशीं अधिक कर्तव्य आहे.