खेळांची वहिवाट

ठाणे खाडीच्या पूर्वेकडील मिठागरे, भातखाचरे आणि आगरी-कोळ्यांची गावे यांवर जेव्हा नव्या नगराचा आराखडा अंथरला गेला, तेव्हा महसुलाच्या दप्तरास जे ठाऊक होते तेवढेच सरकारदरबारी सहज मान्य झाले. आणि जे केवळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने चालत आले होते, म्हणजे खाडीतली मासेमारी, कोणाच्या बांधावरून जाणारी पायवाट, वाढत्या कुटुंबाने गावठाणाच्या कडेस उभारलेली घरे, त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ अशा काहीशा केविलवाण्या नावाखाली दशकानुदशके रेंगाळत राहिला. १७ मार्च १९७० रोजी हे नगर वसविण्यासाठी सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा या जिल्ह्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी नव्या नगराच्या कक्षेत आली. सानपाडा आणि नेरूळ यांच्या मध्ये वसलेले जुईनगर हा त्या आराखड्यातला एक लहानसा विभाग. १९९२ मध्ये वाशीपर्यंत आणि त्याच्या पुढल्या वर्षी बेलापूरपर्यंत रेल्वे पोहोचल्यावर तो नोकरदारांच्या सदनिकांनी भरू लागला.

भूसंपादनाचा इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. परंतु या सदनिकांमध्ये त्याच दशकात जे संगणक येऊन बसले आणि त्यांवर जे खेळ खेळले गेले, त्यांचे आजच्या नव्या लॅपटॉपवर जे हाल होतात, त्यांचे मूळ शोधू जाता मला दप्तर आणि वहिवाट यांचा हाच तंटा पुन्हा भेटतो, म्हणून एवढी प्रस्तावना.

संगणक ही त्या काळी मध्यमवर्गीयाने तयार स्थितीत विकत आणावयाची वस्तू क्वचितच असे. तो ‘असेंबल’ करून घेण्याचा प्रघात होता. जुईनगरहून निघावे, कुर्ल्यास आणि दादरला गाड्या बदलून ग्रँट रोडला उतरावे, आणि पालिकेच्या दप्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग परंतु लोकांच्या तोंडी अद्यापि लॅमिंग्टन रोड असलेल्या त्या रस्त्यावर मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क आणि कॅबिनेट यांचे भाव दुकानोदुकानी विचारीत हिंडावे, असा तो एक दिवसभराचा विधी होता. जो इसम घरी येऊन हे सारे जुळवून देई, त्यास शेवटी चहा देताना घरातले चिरंजीव हळूच सांगत, ‘दोन-चार गेम टाकून द्या ना’. आणि तोही पिशवीतल्या, पेनाने नावे लिहिलेल्या सीडी काढून डेंजरस डेव्ह, प्रिन्स ऑफ पर्शिया, रोड रॅश आणि पुढे पुढे व्हाइस सिटी यांची मुक्तहस्ताने प्रतिष्ठापना करी. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते ते तासाच्या भाड्याने सायबर कॅफेत बसून ‘काउंटर’, म्हणजे काउंटर-स्ट्राइक, खेळत. मूल्य देऊन विकत घेतलेला खेळ त्या पिढीतल्या किती घरांत होता, हा प्रश्न सभ्यपणाखातर विचारू नये हे बरे.

त्या पिढीतील मुलगा आज मिळवता झाला आहे, त्याच्या मांडीवर त्या जुन्या कॅबिनेटाहून शेकडो पटींनी समर्थ असा लॅपटॉप आहे, आणि एखाद्या रविवारी बालपणीचा खेळ चालवू गेल्यास तो एक तर उघडत नाही, उघडला तर अडखळतो, अथवा इतक्या वेगाने धावतो की नायक पडद्यावर येण्यापूर्वीच मरतो. यावर ‘हल्लीची यंत्रेच तकलादू’ किंवा ‘जुना खेळ आता बिघडला’ असे दोन निवाडे सर्रास दिले जातात. दोन्ही चुकीचे आहेत. खेळातील एकही अक्षर बदललेले नसते आणि लॅपटॉपातही दोष नसतो; बदललेली असते ती राज्यव्यवस्था. जुने खेळ लिहिणाऱ्यांनी यंत्राकडून जे लेखी अभिवचन मिळाले होते तेवढ्यावर भागविले नाही. यंत्र प्रत्यक्षात जसे वागत होते त्या वागणुकीवर, म्हणजे निव्वळ वहिवाटीवर, त्यांनी आपली घरे बांधली.

यातली सर्वांत जुनी वहिवाट वेगाची. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरातील ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झ गतीने चाले. त्यामुळे दोन हालचालींमध्ये क्षणभर थांबावयाचे असल्यास कित्येक प्रोग्रॅमर घड्याळ विचारण्याच्या भरीस न पडता प्रोसेसरला काही हजार वेळा निरर्थक मोजणी करावयास लावीत, कारण त्या मोजणीस किती वेळ लागतो हे सर्वांस ठाऊक होते आणि ते कधी बदलेल असे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. ते लवकरच बदलले. ३८६ आणि ४८६ यंत्रांच्या कॅबिनेटांवर ‘टर्बो’ नावाचे एक बटण असे, ज्याचा खरा उपयोग नावाच्या अगदी विपरीत, वेगवान यंत्रास जुन्या खेळांपुरते मंद करणे हा होता. बोर्लंड कंपनीच्या पास्कलमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. पास्कलच्या रचनाकारांनी शहाणपणा करून प्रारंभीच यंत्राचा वेग मोजण्याची तजवीज केली होती: घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते पाहावे आणि त्यास ५५ ने भागावे. परंतु पेंटियम टू सारख्या प्रोसेसरांवर हा भागाकार सोळा बिटांच्या रकान्यात मावेनासा झाला, आणि ‘रनटाइम एरर २००’, म्हणजे शून्याने भागल्याचा आरोप ठेवून प्रोग्रॅम जन्मतःच बंद पडू लागला, जरी त्या सबंध व्यवहारात शून्य कोठेच नव्हते.

पुढे खेळ शहाणे झाले आणि घड्याळ पाहू लागले, तरी ही खोड निराळ्या रूपाने उरलीच. व्हाइस सिटी २००३ मध्ये संगणकावर आली, तिच्यात चित्रांचा वेग मर्यादित ठेवणारे ‘फ्रेम लिमिटर’ नावाचे एक कलम होते. ते काढून टाकले की मोटारींच्या गतीचे गणितच ढळते, कारण ते गणित चित्रांच्या वेगाशी जखडलेले आहे. ज्याचा पडदा सेकंदास १४४ वेळा रंगतो अशा लॅपटॉपावर ते कलम उत्साहाने काढून टाकणाऱ्यास जी मोटार मिळते, ती चालविणे हा निराळाच खेळ आहे.

दुसरा बदल कायद्याचा. चौसष्ट बिटांच्या राजवटीत प्रोसेसर गेला की पूर्वीच्या ८०८६ चे सोंग घेण्याची जी सोय त्यात होती ती अनुपलब्ध होते, आणि विंडोजच्या चौसष्ट-बिटी आवृत्तींनी सोळा-बिटी प्रोग्रॅम चालविणारे खातेच बंद केले. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ची तर बत्तीस-बिटी आवृत्तीच नाही. येथे एक अन्यायही घडला: नव्वदीच्या दशकातील कित्येक खेळ स्वतः बत्तीस-बिटी असून आजही चालण्यास पात्र आहेत, परंतु त्यांस संगणकात दाखल करणारा ‘सेटअप’ मात्र सोळा-बिटी होता, त्याचीच ओळख पटत नसल्याने पात्र खेळही दारातूनच परत जातो.

आता ज्या प्रकरणाने मला हा लेख लिहावयास प्रवृत्त केले ते सांगतो. सॅन अँड्रियास हा खेळ २००४ मध्ये निघाला आणि २००५ मध्ये संगणकावर आला. त्यात स्किमर नावाचे पाण्यावर उतरणारे एक लहान विमान आहे. हा खेळ विंडोजच्या एकामागून एक आवृत्तींवर सुमारे वीस वर्षे चालत राहिला, आणि २०२४ मध्ये विंडोज ११ ची ‘२४एच२’ ही सुधारणा येताच ते विमान खेळातून नाहीसे झाले. बळेच बोलावले तर ते खेळाडूसकट आकाशात अशा उंचीवर फेकले जाई की जेथून परत येण्याची सोय नाही. स्वाभाविकच सर्वांनी मायक्रोसॉफ्टकडे बोट दाखविले. जुन्या खेळांची डागडुजी करणारा, सायलेंट या टोपणनावाने ओळखला जाणारा एक जाणकार २०२५ मध्ये या प्रकरणाच्या मुळाशी गेला, तेव्हा निघाले ते असे: खेळाजवळ साऱ्या वाहनांची एक नोंदवही आहे, तीत प्रत्येक विमानापुढे चाकांच्या आकाराचे आकडे लिहिलेले आहेत, आणि स्किमरपुढे ते लिहावयाचे राहून गेले आहेत. राहण्याचे कारणही मोठे मानवी आहे. आधीच्या व्हाइस सिटीत हेच यान दप्तरी नौका म्हणून दाखल होते आणि नौकेस चाके कशाला. पुढच्या खेळात त्याची बदली विमानांच्या खात्यात झाली, परंतु नोंद पुरी करावयाचे कोणास सुचले नाही.

मग वीस वर्षे ते उडत होते कसे? तर नोंदवही वाचणारा प्रोग्रॅम आकडा मिळाला नाही तर तो रकाना कोरा करून ठेवीत नसे. त्या जागी स्मृतीत आधीच्या वाहनाचा जो आकडा योगायोगाने शिल्लक राहिलेला असे, तोच स्किमरच्या नावे खपून जाई. दोन ओळींच्या वाचनामध्ये विंडोजचे काही अंतर्गत काम चालते. ते स्मृतीच्या नेमक्या त्या जागेस आजवर स्पर्श करीत नव्हते, आणि नव्या आवृत्तीत ते थोडी अधिक जागा वापरू लागले. ही जागा मी पुसणार नाही असे लेखी अभिवचन विंडोजने कधीही दिले नव्हते. पण दोन दशके ती पुसली गेली नाही, आणि तेवढ्या भोगवट्यावर एक अख्खे विमान उडत होते. संगणकशास्त्राच्या इतिहासात याहून थोर घटना पुष्कळ असतील. मला मात्र ही वाचताना एखाद्या मामलेदार कचेरीतील जुने प्रकरण चाळल्याचा आनंद झाला.

राज्यकर्त्यांनी वहिवाटीची कदर कधीच केली नाही असे मात्र म्हणता येत नाही. १९८९ चा सिमसिटी हा नगर वसविण्याचा खेळ घ्या: कोरी भूमी, तिच्यावर निवासी, व्यापारी आणि औद्योगिक पट्टे, मग रस्ते, वीज, रेल्वे. जुईनगरच्या सेक्टर २४ मधील एखाद्या मुलास तो खेळताना आपल्या खिडकीबाहेरच्या सृष्टीचे कर्तृत्व कोणत्या देवतेचे असावे याचा सुगावा लागला असल्यास नवल नाही. या खेळात एक गंभीर चूक होती: स्मृतीची जी जागा त्याने नुकतीच सोडून दिलेली असे, तिथलेच तो पुन्हा वाची. जुन्या विंडोजवर ते खपून जाई. विंडोज ९५ वर तो कोसळू लागला. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी असा बंदोबस्त केला की सिमसिटी चालू असल्यास तेवढ्यापुरती सोडलेली जागा लगेच दुसऱ्यास देऊ नये. एका खेळाच्या वहिवाटीस साऱ्या व्यवस्थेने दिलेली ही सनदच होय. आणि आजही उजव्या क्लिकमागे जो ‘कम्पॅटिबिलिटी’चा फलक दडलेला असतो, तो अशाच सनदांचा सांभाळ करतो. परंतु सनद ज्याच्या मागे ग्राहकांची गर्दी असते त्यास लवकर मिळते, हेही खरे.

बाकीच्या कारणांचा विस्तार करीत नाही. एज ऑफ एम्पायर्सचे खेळ २५६ रंगांच्या एका पेटीवर चालत. विंडोज ७ मध्ये एक्सप्लोररही त्याच पेटीत हात घाली आणि हिरवळ गुलाबी, पाणी लाल दिसे. काही जुने सेटअप डिस्कवरील मोकळी जागा अशा रकान्यात मोजीत, की जो दोन अब्जांच्या थोडे पुढे गेला म्हणजे उणे होतो. साहजिकच शेकडो गिगाबाइट मोकळे असलेल्या लॅपटॉपास ते ‘जागा अपुरी’ असे बजावत, आणि अतिसंपन्नास दिवाळखोर ठरविण्याचे हे उदाहरण महसूल खात्यातही सापडणे कठीण. खास लॅपटॉपांपुरती म्हणावयाची तर आणखी एक अडचण आहे. त्यांतल्या कित्येकांत दोन चित्रयंत्रे असतात, एक वीज वाचविणारे आणि एक बलवान. अपरिचित जुना खेळ पाहून यंत्र त्यास हलक्या कामाचा समजते, दुर्बळाच्या स्वाधीन करते, आणि मग तो अडखळतो. सेटिंगमध्ये जाऊन त्याचे नाव बलवान ग्राफिक्स कार्डाच्या यादीत घातले की बहुतेकदा प्रकरण मिटते.

एका गोष्टीची मात्र नोंद केल्यावाचून राहवत नाही. मूल्य देऊन घेतलेल्या सीडीवर नकलेला प्रतिबंध करणारी सेफडिस्क नावाची कुलुपे असत, आणि ती उघडण्यास विंडोजच्या अंतर्भागात एक पहारेकरी बसवावा लागे. तो पहारेकरीच चोरांस वाट करून देणारा ठरल्यावर २०१५ मध्ये विंडोज १० ने त्यास हद्दपार केले. परिणाम असा, की ज्याने प्रामाणिकपणे खेळ विकत घेतला त्याची सीडी आज निरुपयोगी आहे, आणि लॅमिंग्टन रोडवरून पेनाने नाव लिहून आलेली, कुलूप आधीच तोडलेली प्रत त्या अडथळ्यापुरती तरी सुखरूप पार होते. नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी यावर काय ते ठरवावे.

जुन्या खेळांस ज्यांनी खरोखर थारा दिला ते राज्यकर्ते नव्हेत, हौशी लोक होत. २००२ मध्ये प्रथम प्रकट झालेले डॉसबॉक्स हे नव्या लॅपटॉपाच्या पोटात एक संपूर्ण जुने यंत्र उभे करते: त्याचा प्रोसेसर, त्याचे साउंड ब्लास्टर, त्याची ६४० किलोबाइटची मर्यादा आणि त्याच्या साऱ्या अलिखित सवयी. २००८ पासून जुने खेळ विकणाऱ्या गॉग या पोलिश दुकानाने डॉसच्या कित्येक खेळांबरोबर हेच डॉसबॉक्स बांधून दिले आहे. डेव्ह आणि पर्शियाचा राजपुत्र त्यात आपल्या मूळच्या चालीने चालतात, कारण आठ-आठ कोअरांचा लॅपटॉप तेथे मिलिसेकंदास सुमारे ३००० आज्ञांहून अधिक काम करावयाचे नाही असे स्वतःवर बंधन घालून घेतो. तेवढ्यावरही राजपुत्र फार धावू लागला तर कंट्रोल आणि एफ११ या कळा एकत्र दाबाव्यात, वेग टप्प्याटप्प्याने उतरतो. मंद वाटला तर कंट्रोल आणि एफ१२. पुष्कळ लॅपटॉपांवर त्याबरोबर एफएन ही कळही दाबून धरावी लागते.