म्हैसूरची तळी आणि बदकांची पोरकी पिल्ले

म्हैसूर परिसरातील पाणथळ जागांचा इतिहास बहुधा राजघराण्याचा आणि पाटबंधाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रानबदकांच्या बाजूने पाहिले असता मात्र तो पिल्लांची आईपासून ताटातूट कशी टळत गेली याचा इतिहास ठरतो, जरी त्यातील बरेचसे पक्ष्यांसाठी म्हणून कोणी केलेले नव्हते. सतराव्या शतकाच्या मध्यास कंठीरव नरसराज वोडेयर यांच्या कारकिर्दीत श्रीरंगपट्टणजवळ कावेरीवर बंधारा घातला गेला, पाणी तुंबून पात्रात बेटे उरली आणि तीच पुढे रंगनथिट्टू या नावाने प्रसिद्ध झाली. शहरातील कुक्करहळ्ळी तलावही १८६४ मध्ये माणसांच्या गरजेसाठीच बांधला गेला.

अशा पाण्यावर हळदी-कुंकू बदक काठच्या गवतात, तर अडई आणि काणूक ही बदके बहुधा झाडांच्या ढोल्यांत अंडी घालतात. बदकाचे पिल्लू अंड्यातून मऊ लव घेऊनच बाहेर येते, एक-दोन दिवसांत घरटे सोडते आणि स्वतःचे भक्ष्य स्वतः टिपते. मात्र ऊब आणि धोक्याची सूचना त्याला आईकडूनच मिळते. त्यामुळे विणीच्या हंगामात एक मादी मारली गेली, की पिल्लांचा अख्खा थवा पोरका होतो. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ च्या कायद्याने बदकांसह काही पक्ष्यांसाठी शिकारबंदीचा हंगाम, म्हणजे ज्या काळात मारणे व विकणे दोन्ही निषिद्ध असे, ठरवण्याची तरतूद झाली. म्हैसूर संस्थानचा शिकारविषयक कायदा त्याआधीचा, १९०१ चा. या कायद्यांच्या मुळाशी पुढच्या वर्षीच्या शिकारीची काळजी होती, हे विसरता येत नाही. खरा बदल १९४० मध्ये झाला: पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या आग्रहावरून दरबाराने रंगनथिट्टूला अभयारण्य ठरवले.

पोरके पिल्लू वाढवून पुन्हा रानात सोडण्याची कल्पना यानंतरची. १८९२ मध्ये चामराजेंद्र वोडेयर यांनी स्थापलेल्या म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयाचा मूळ रोख प्राणी बाहेरून आत आणण्याकडे होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानपक्षी पाळण्यावर निर्बंध आले आणि ताब्यात आलेल्या वन्यजीवाची खबर ४८ तासांच्या आत अधिकाऱ्यांना देणे बंधनकारक झाले. शास्त्राचा आधारही याच दिशेचा होता. प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी १९३५ मध्ये दाखवल्याप्रमाणे हंस-बदकांची पिल्ले जन्मानंतरच्या काही तासांत जे हलताना दिसेल त्याला आई मानतात. या इम्प्रिंटिंगमुळे माणसाच्या हातावर वाढलेले बदक पुढे माणसाला भीत नाही, आणि रानात हे न भिणेच त्याच्या जिवावर बेतते. म्हणून अशा पिल्लांना दिव्याची ऊब, उथळ पाणी, किड्यांचा आहार आणि सजातीय पिल्लांची सोबत देऊन माणसाचे दर्शन शक्य तितके टाळतात, आणि उडण्याचे पंख फुटल्यावर जिथे त्याच जातीची बदके आहेत अशाच पाण्यावर सोडतात. पुष्कळदा उचललेले पिल्लू पोरके नसतेच. आई जवळच्या गवतात दडून माणूस जाण्याची वाट पाहत असते.

रंगनथिट्टूला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तरीही १९११ मध्ये काम सुरू झालेल्या कृष्णराजसागर धरणातून पावसाळ्यात मोठा विसर्ग झाला की बेटे पाण्याखाली जातात, सखल भागातील घरटी वाहून जातात, आणि वनखात्याने रचलेल्या वाळूच्या पोत्यांचा उपयोग बेटांची झीज रोखण्यापलीकडे फारसा होत नाही.