पंचनाम्यात नसलेला रकाना

गाव कुठलंही धरा, नगर जिल्ह्यातल्या नेवासा, पाथर्डी, कर्जत तालुक्यातलं. साल 1981. भर उन्हात तुम्ही विहिरीच्या काठावर उभे आहात. बाजेवर ओल्या लुगड्यात विशीतली सून. पोलीस पाटलानं वर्दी दिली, ठाण्यातून जमादार आले. पंच म्हणून दोन माणसं पुढे झाली, दोघंही सासरच्या भावकीतली. जमादार मांडीवर कागद ठेवून लिहितात : पाणी शेंदताना पाय घसरला. माहेरची माणसं एसटीनं पोचतील तोवर सरण पेटलेलं असेल. दिवाळीला माहेरी गेलेली ही पोर परत यायला का तयार नव्हती, असं तुमच्या ओठांवर येतं. पंचनाम्यात त्याला रकाना नाही. मरण कशानं आलं, एवढंच कायद्याला हवं आहे.

वर्षभर पुढे या. 12 जून 1982, पुणे. नगरला लागून असलेल्या बीडची मंजुश्री सारडा लग्नाला चार महिने झाले असताना सायनाइडनं गेली. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं मागे राहिली. खटला फाशीच्या शिक्षेपर्यंत गेला आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पतीला निर्दोष सोडलं. परिस्थितिजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्या त्या निकालानं घातल्या, त्यांचा आधार न्यायालयं आजही घेतात. आरोप सिद्ध झाला की नाही, हे पाहणं न्यायालयाचं काम, ते त्यानं केलं. पण अशी पत्रं हाती पडलेल्या माणसाला तेव्हा मदतीसाठी ठोठावायला एखादं दार होतं का, हे तपासणं कुणाचंच काम नव्हतं.

ते काम बायकांनी अंगावर घेतलं. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला, ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन महाराष्ट्रात फिरवलं. त्या गर्दीत जरा थांबा. फलक वाचता वाचता शेजारची बाई स्वतःचं सांगू लागते. मला वाटतं, घरातल्या छळानं झालेल्या मृत्यूची आपल्याकडची पहिली खरी चौकशी इथे झाली, कारण इथे कोणीतरी ऐकून घेत होतं.

1983 च्या डिसेंबरात कायदा बदलला. सासरच्या छळाला गुन्हा ठरवणारं कलम 498-अ आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईनं आत्महत्या केली किंवा तिच्या मरणाबद्दल संशय असला, तर शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी आली. आता विहिरीवर तहसीलदार येऊ लागले, माहेरच्यांचे जबाब होऊ लागले. हे मोठंच पाऊल होतं. पण आठव्या वर्षी मेली तर?

नव्वदच्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांबरोबर उंबऱ्यावर बसा. तीन जिल्ह्यांतली 400 गावं, सात रुग्णालयं. प्रश्न गरोदर बायका कशानं मरतात हा. उत्तर निघालं ते असं, की त्यातले सुमारे 16 टक्के मृत्यू घरातल्या हिंसेशी जोडलेले होते.

आता आजच्या अहिल्यानगरच्या, म्हणजे तेव्हाच्या नगरच्या, जिल्हाधिकारी कार्यालयात या. मातामृत्यूचा आढावा चालला आहे. निर्णयाला उशीर झाला, वाहन मिळायला की उपचाराला, हे डॉक्टर, आशाताई आणि नातेवाईक यांच्याकडून समजून घेतलं जातं. कोणाला पकडायचं नसतं, पुढची बाई वाचवायची असते. किती चांगली रीत आहे ही! मात्र गरोदरपणी जळून वा बुडून गेलेली बाई ‘अपघाती’ ठरली की मातामृत्यूच्या व्याख्येतून बाहेर पडते. तिची फाईल पोलिसांकडे, आणि तिथे एकच प्रश्न : गुन्हा दाखल होतो का?

इंग्लंडमध्ये 2011 पासून घरातल्या हिंसेतून झालेल्या मृत्यूनंतर पोलीस, आरोग्य खातं आणि स्थानिक प्रशासन एकत्र बसतं. मैत्रिणींना, घरच्यांना विचारतं, काय निसटलं ते शोधतं. दोषी कोण हे ठरवणं न्यायालयाकडेच राहतं.

तुम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात आहातच, तर उठा आणि असाच आढावा इथेही मागा. संरक्षण अधिकारी, भरोसा सेल, गावची आशा, दवाखान्यातली नोंदवही या टेबलाशी आणा. दुखऱ्या हाडाला हात लावून ‘पडले’ म्हणत गेलेली बाई किती वेळा दवाखान्यात आली होती, ते आधी वाचून दाखवायला सांगा.