न रिकामं होणारं यंत्र

१९६५ साली र्‍युझो शिगेता यांनी अमेरिकेतलं एक यंत्र जपानात आणलं. दहा येनचं नाणं टाकून मूठ फिरवली की प्लॅस्टिकच्या डबीतलं खेळणं खाली पडायचं. मूठ फिरल्याचा आवाज ‘गाचा’, डबी पडल्याचा ‘पोन’, त्यावरून यंत्राचं नाव ‘गाचापोन’. १९७७ मध्ये बान्दाई कंपनी या धंद्यात उतरली आणि शंभर येनला जरा बरी खेळणी मिळू लागली.

या यंत्राचा हिशेब सरळ होता. समजा आत शंभर डब्या आहेत आणि हवी ती एकच. पहिल्या नाण्याला शक्यता शंभरात एक. पण बाहेर आलेली डबी परत आत जात नाही. पन्नास निघाल्या की शक्यता पन्नासात एक, आणि शंभराव्या नाण्यापर्यंत ती मिळतेच.

मोबाइल खेळांमधल्या, पैसे भरून सोडतीत पात्रं वा वस्तू देणाऱ्या ‘गाचा’ने नाव घेतलं, झगमगाट घेतला, डब्या संपणं तेवढं वगळलं. इथे प्रत्येक खेपेला यंत्र पुन्हा काठोकाठ भरलेलं. एक टक्का शक्यता म्हणजे शंभर खेपांत एकदा नक्की, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शंभर खेपांनंतरही शंभरातले छत्तीस-सदतीस जण कोरडेच राहतात, तीनशेनंतरही पाचेक जण. ‘इतके पैसे घातले, आता तरी लागेल’ हे खेळणाऱ्याला वाटतं. यंत्राला मागचं काही आठवत नाही.

यावर कडी केली ‘कॉम्प गाचा’ने. ठरावीक कार्डांचा पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस. संचात सहा कार्डं असली आणि सगळ्यांची शक्यता सारखी धरली, तरी संचाला सरासरी पंधराएक खेपा लागतात आणि त्यातल्या सहा एकट्या शेवटच्या कार्डापायी जातात. मे २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने हा प्रकार बेकायदा ठरवला. असे खेळ चालवणाऱ्या ग्री, डीएनए या कंपन्यांचे शेअर गडगडले.

मग २०१६ च्या सुरुवातीला ‘ग्रॅनब्लू फँटसी’ या मोबाइल खेळात आंदिरा नावाच्या पात्रावरून गदारोळ झाला. एका खेळाडूने ती मिळेपर्यंत दोन हजारांहून अधिक खेपा थेट प्रक्षेपणात दाखवल्या. लोक भडकले, तेव्हा सायगेम्स कंपनीने मर्यादा घातली: तीनशे खेपा झाल्या की हवं ते निवडा. तीनशे येनची एक खेप, म्हणजे नव्वद हजार येन! जपानी खेळाडू अशा मर्यादेला ‘तेन्जो’ म्हणजे छत म्हणतात. इंग्रजी बोलणारे ‘पिटी’. जुन्या यंत्रात जे फुकट होतं, ते असं महागात परत आलं.

२०२० च्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळात पंचतारांकित पात्राची शक्यता ०.६ टक्के आणि छत नव्वदाव्या खेपेला. मात्र तिथे मिळणारं पात्र जाहिरातीतलंच असेल असं नाही. त्याची हमी हवी तर दुप्पट, एकशे ऐंशी खेपांची तयारी ठेवावी लागते.

तेव्हा घरात कुणी असा खेळ खेळत असेल, तर टक्केवारीत शिरू नका. हवी ती वस्तू कितव्या खेपेला हमखास मिळते, तिथवर किती रुपये लागतात आणि त्या सोडतीची मुदत संपली की खेपांची मोजणी शून्यावर येते का, एवढं आधी विचारा.